शेकोटीला महिरप

विस्तवाला मँटलचा काडीइतकाही उपयोग नसतो. धूर धुराड्यातून जातो, ऊब जाळातून आणि तापलेल्या विटांतून येते. मँटल म्हणजे भिंतीतल्या शेकोटीच्या तोंडाभोवतीची लाकडी चौकट. बाजूचे दोन चपटे खांब, वरची रुंद आडवी पट्टी, कॉर्निस म्हणजे फळीखालची पुढे आलेली कड आणि वर फळी, अशी ती लग्नात फेटा बांधून फिरणाऱ्या दूरच्या काकांसारखी नुसती मिरवते. काका काही करत नाहीत, पण ते नसले तर मांडव ओका वाटतो.

मॅसेच्युसेट्समधल्या आमच्या घरात काकाच नव्हते. भिंतीत विटांचं चौकोनी भगदाड, बस्स. नवऱ्याने मँटल घरीच करायचं काढलं तेव्हा साताऱ्याहून आलेली आई म्हणाली, "अगं, चुलीला कुणी महिरप करतं का?" तिचं बरोबर होतं. तिच्या माहेरी चूल सारवायची आणि तिच्यापुढे रांगोळीच्या दोन रेघा ओढायच्या, याच्यापुढे कौतुक जात नसे.

चुलीच्या पोटाचा विचार करणारा माणूसही याच भागातला. काउंट रमफर्ड, जन्म वूबर्नचा, १७५३ सालचा. शेकोटी उथळ करा, बाजूच्या भिंती तिरप्या घ्या, धुराची वाट अरुंद ठेवा, म्हणजे उष्णता खोलीत येईल, असं त्याने लंडनला १७९६च्या सुमारास लिहून दाखवलं. पण लोक बघायला जातात ते इथल्याच सेलम गावाला, मॅकिंटायरची कोरीव कामं. सॅम्युएल मॅकिंटायर (१७५७–१८११) गव्हाची पेंढी आणि फळांची परडी अशा हौसेने कोरायचा, की शेकोटीपाशी बसलेल्याला भूक लागावी. त्या काळी मँटलवरची सगळीच नक्षी कोरलेली नसे. खडूची भुकटी, सरस, जवसाचं तेल आणि राळ यांचा लगदा साच्यात दाबून फुलंपानं काढायची आणि साध्या पाइनच्या लाकडावर चिकटवायची. वरून रंगाचा हात फिरला की कोरलेलं कुठलं, चिकटवलेलं कुठलं, हे ओळखून दाखवावं.

म्हणून मला रंगवलेला मँटल आवडतो. लाकडाचा पोत दिसलाच पाहिजे, हा आग्रह महागड्या लाकडाच्या धन्यांनी धरावा. आम्ही घेतलं पॉपलर. त्याचा रंग हिरवट, मधूनच जांभळ्या रेघा, पॉलिश करून ठेवलं तर आजारी दिसेल. पण ते गुळगुळीत तासलं जातं आणि रंग छान धरतं. नक्षीच्या पट्ट्या पाइनच्या होत्या. त्यांच्या गाठींतून डिंक पाझरून पांढऱ्या रंगावर पिवळे डाग उमटतात, म्हणून आधी लाखेचा प्रायमर मारावा लागतो. दुकानातल्या त्या डब्यावरचं नाव परकं असलं तरी आतली वस्तू म्हणजे आपल्याकडच्या पॉलिशवाल्याचा चपडाच.

मापं मात्र हौसेने ठरत नाहीत. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीप्रमाणे शेकोटीच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत जळणारं काहीही लावायचं नाही. तिथून १२ इंचांपर्यंत लाकूड चालतं, पण अंतराच्या दर इंचामागे ते फक्त अष्टमांश इंच पुढे यावं. म्हणजे तोंडापासून ८ इंचांवर फार तर १ इंच. त्यामुळे आमची कॉर्निस कागदावर हळूहळू वर सरकत गेली. हे ऐकल्यावर आईने बाजू बदलली. जाळाचा इतका विचार करणारे लोक तिला एकदम पटले.

खांब भरीव नसतात हे मला माहीत नव्हतं. तीन फळ्यांची उघडी पेटी करून ती भिंतीवर आधी ठोकलेल्या पट्टीवर बसवतात. खरी परीक्षा तिथेच असते, कारण चौकट गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात असते आणि विटा कधीच नसतात. खांब विटांना भिडवून उभा केला की वर बोटभर फट आणि खाली नुसती रेघ. मग पेन्सिल विटांवरून घासत नेऊन त्यांचे सगळे उंचवटे लाकडावर उतरवायचे आणि त्या वेड्यावाकड्या रेघेने करवत चालवायची. आई शेजारी बसून "थोडं अजून घ्या, जावईबापू" म्हणत होती. तासलेला खांब विटांना चिकटून बसला तेव्हा तिने चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. खिळ्यांची भोकं, कोपऱ्यातले सांधे यांत लांबी, म्हणजे पुटी भरली, पॉलिश पेपर फिरवला आणि वर अर्धचमकीचा पांढरा रंग.

आता बैठक त्या दिशेला वळली आहे. कुणी सांगितलं नाही, पण सोफा तिरका झाला, दिव्याची जागा बदलली. भाद्रपदात शेकोटी थंडच असते, त्यामुळे फळीवर गणपती बसवायला आईची हरकत नाही. डिसेंबरमध्ये तिथेच मुलांचे मोजे लटकणार आहेत, त्याबद्दल ती फक्त "धुतलेले असू देत" एवढंच म्हणाली. राहिला टीव्ही. नवऱ्याला तो मँटलच्या वर हवा आहे. तिथे लावला तर मान वर करून बातम्या बघाव्या लागतील आणि खालच्या जाळाची धग त्याला लागेल ती वेगळीच. मी नाही म्हटलंय, आईने मला दुजोरा दिलाय, आणि मतदान घ्यायचं झालं तर मुलांना कसं फितवायचं हेही आमचं ठरलंय.