झान्से स्खान्सच्या पवनचक्क्यांमध्ये एक दिवस

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळच्या झान्से स्खान्सला जाणारे बरेच जण पवनचक्क्यांसमोर फोटो काढतात, चीज चाखतात आणि परत फिरतात. कुडाळहून आलेल्या आई-बाबांना घेऊन जाताना आम्ही ठरवलं होतं की चक्क्यांच्या आत जायचं, त्या चालतात कशा ते नीट बघायचं. बाबांचं आयुष्य लाकडाच्या वखारीत गेलेलं, त्यामुळे पहिला मान करवतगिरणीचा.

ॲमस्टरडॅम सेंट्रलहून रेल्वेने झानडाइकला उतरलं की पुढे चालत जाता येतं. वाटेत हवेत कोकोचा वास येतो, कारण या भागात आजही कोकोवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. झान नदीचा हा काठ म्हणजे जुनी औद्योगिक वसाहतच. एके काळी या परिसरात शेकडो पवनचक्क्या तेल गाळत, रंग दळत, कागद बनवत आणि लाकूड कापत. आज दिसणारी हिरवी लाकडी घरं मात्र झानच्या परिसरातून उचलून, १९६०-७०च्या दशकांत इथे आणून बसवलेली आहेत. वाचवायची म्हणून एवढा खटाटोप केला, याचं मला फार कौतुक वाटतं.

'हेट योंगे स्खाप' ही करवतगिरणी. मूळ गिरणी १९४२ मध्ये पाडली गेली. आधी घेऊन ठेवलेल्या मोजमापांवरून ती पुन्हा उभारली आणि २००७ मध्ये सुरू झाली. बाहेर पाण्यात ओंडके तरंगत होते. बाबांनी लगेच विचारलं, "हे पाण्यात का ठेवलेत?" तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी सांगितलं, की त्यामुळे लाकडातला रस निघून जातो आणि नंतर ते तडकत नाही. मी मध्ये दुभाषी होते, पण पुढे माझी गरजच उरली नाही. दोघं हातवारे करून बोलू लागले.

आत मोठा वाकडा दांडा फिरतो आणि त्याला जोडलेल्या करवतींच्या चौकटी वर-खाली होतात. प्रत्येक फेऱ्याला एक दातेरी चाक थोडं पुढे सरकतं आणि ओंडक्याचा गाडा करवतीकडे ओढला जातो. म्हणजे वारा वाढला की करवतही जोरात आणि गाडाही जोरात, कुणी हात लावायला नको. ही युक्ती १५९०च्या दशकात कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या डच माणसाने बसवली आणि जहाजांसाठी फळ्या झपाट्याने मिळू लागल्या. पुढच्याच शतकात डचांची जहाजं आमच्या वेंगुर्ल्यापर्यंत आली. तिथली डच वखारीची पडकी इमारत बाबांनी कितीदा पाहिलेली. फळ्या कापताना उडणारा भुसा हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले.

मग 'डे काट'. इथे उभे फिरणारे दोन अजस्र दगड खडू आणि रंगद्रव्यं दळतात, आपल्याकडच्या जुन्या घाण्यासारखे गरगरत. सगळी इमारत हलल्यासारखी वाटते. जिना इतका उभा की आई खालीच थांबली. आम्ही लेकीला घेऊन वरच्या गॅलरीत गेलो, तर पाती अगदी जवळून सूं करत जात होती. तिचा हात मी सोडला नाही.

लाकडी बुटांच्या कार्यशाळेत पॉप्लरचा ओला ठोकळा यंत्रावर लावला आणि बघता बघता त्याचा बूट झाला. कारागिराने बुटाच्या आत तोंड लावून जोरात फुंकलं, तसं लाकडातून पाणी पाझरलं. लेक टाळ्या पिटू लागली. हे बूट नंतर नीट वाळवावे लागतात. चीजच्या दुकानात आम्ही फार रेंगाळलो नाही.

तुम्ही जाणार असाल तर वाऱ्याचा दिवस निवडा आणि आधी चक्क्या बघा, दुकानं नंतर. वारा नसेल तर पाती थांबलेली असतात आणि निम्मी मजा जाते. लहान मुलं आणि गुडघे दुखणारे असतील, तर करवतगिरणीत जास्त वेळ ठेवा, कारण खरं काम तिथे समोर दिसतं.