पिकअपचा ब्रेक चुंई करतोय? मागची चाकं पण खोला

ब्रेकचा आवाज आला की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं, "पॅड टाक नवीन, विषय कट." आमच्या दादानं तेच केलं होतं आणि तरीही ऐन टोमॅटोच्या हंगामात पिकअप परत किंचाळायला लागली, म्हणजे नारायणगावच्या बाजारात गाडी वळवताना लोक मान वळवून बघायचे. म्हटलं ह्या वेळी घरीच खोलू आणि आवाज कशानं येतोय ते कळल्याशिवाय दुकानात जायचंच नाही.

खोलायच्या आधी आवाज ऐका, अर्ध्या गोष्टी तिथंच कळतात. ब्रेकवर पाय नसताना, गाडी नुसती चालताना बारीक चिरका आवाज येतो आणि ब्रेक दाबला की थांबतो, असं असेल तर बहुतेक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा तुकडा) संपलाय. बऱ्याच पॅडला एक पातळ पत्र्याची पट्टी असते, लायनिंग, म्हणजे पॅडचा घासणारा थर, दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला घासायला लागते, ती कंपनीनं मुद्दाम दिलेली शिट्टी आहे. खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज असेल तर मात्र गाडी जागेवर उभी करा, एक भाडं करून मग बघू असलं काही करू नका. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारा आवाज म्हणजे डिस्कवर रात्रीत धरलेला गंज, तो आपोआप जातो, त्याच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आमचा आवाज ह्यातला कुठलाच नव्हता. हलका ब्रेक मारला की चुंईईई, जोरात दाबला की गप्प. हे बहुतेक वेळा कडक झालेल्या पॅडचं लक्षण, म्हणजे पॅड जास्त तापून वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो, तो डिस्कला नीट धरत नाही, नुसता थरथरतो आणि त्या थरथरीचाच आवाज होतो.

मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅक लावला, खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावली (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात घालणारे मी बघितलेत, कृपा करा) आणि चाक काढलं. डिस्कवर निळसर डाग, म्हणजे चांगलीच तापलेली. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड, काढून तारेनं वर बांधला, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडायचा नसतो. बाहेरचा पॅड बऱ्यापैकी शिल्लक, आतला जवळजवळ अर्धा गेलेला आणि तोही तिरका झिजलेला. हे दिसलं की थेट कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना बघायच्या. दोनपैकी एक पिन हातानं हलेना, पकडीनं फिरवून फिरवून काढली तर तिच्यावरचं ग्रीस जळलेल्या काकवीसारखं काळं, चिकट. आधीच्या गॅरेजवाल्यानं तिथं साधं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस भरलं होतं. त्या ग्रीसनं आतलं रबर फुगतं, पिन अडकते, कॅलिपर सरकत नाही आणि एकच पॅड सगळा भार घेत बसतो. इथं सिलिकॉनचं, ब्रेकसाठीच बनवलेलं ग्रीस लागतं. छोटी पुडी मिळते, महागही नाही, तरी लोक डब्यातलं पिवळं ग्रीस बोटानं लावून मोकळे होतात.

पिना घासून साफ केल्या, रबरं बदलली, डिस्कची जाडी व्हर्नियरनं मोजली (कमीत कमी किती पाहिजे तो आकडा सहसा डिस्कवरच कोरलेला असतो) ती ठीक निघाली. दादा म्हणाला, "झालं ना, लाव चाक." पण माझं डोकं अडकलं होतं की एक पिन अडकली तर एक बाजू तापेल, ह्या तर डाव्या-उजव्या दोन्ही डिस्क निळ्या आहेत.

म्हणून मागचे ड्रम, म्हणजे मागच्या चाकांचे ब्रेक, उघडले. आतली धूळ हवा मारून उडवू नका, ती छातीत जाते, ओल्या फडक्यानं पुसा. लायनर (ड्रमला आतून घासणारे थर) बघितले तर जवळपास नव्यासारखे! टोमॅटोची कॅरेट खचाखच भरून आळेफाट्यावरून माळशेज उतरणारी गाडी आणि मागचे ब्रेक जणू कामालाच नाहीत.

दादानं वजन पेलावं म्हणून कमानीत, म्हणजे मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक जादा पाटा टाकून घेतला होता, निम्म्या तालुक्यानं टाकलाय. आता आमच्या पिकअपला मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह आहे, त्याचा रॉड अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. वजनानं हौदा खाली बसला की व्हॉल्व्हला कळतं माल भरलाय आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो, गाडी रिकामी असली की कमी, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. जादा पाट्यानं हौदा वरच राहतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या हिशोबानं गाडी कायम रिकामी. सगळा घाट पुढच्या दोन चाकांच्या जिवावर! पॅड तापणार नाहीत तर काय होणार.

तो रॉड अंदाजानं वाकवू नका, पावसात रिकामी गाडी मागून घसरली तर कुणाला सांगणार. सेटिंग माहीत असलेल्या फिटरकडून प्रेशर गेज लावून करून घेतलं. पुढं नवीन पॅड टाकले, पाठीमागच्या पातळ पत्र्याच्या शिम सकट, त्या बरेच जण फेकून देतात आणि मग परत आवाज येतो म्हणतात. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन आत दाबताना वरची ऑइलची डबी भरून ब्रेक ऑइल सांडतं, थोडं आधीच काढून घ्या, रंगावर पडलं तर रंग जातो. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून पंधरावर, पूर्ण न थांबता, मध्ये गार व्हायला वेळ देत काही वेळा ब्रेक मारून पॅड बसवून घेतले.

आवाज गेला. पाटा काढायला दादा तयार नाही आणि कॅरेट किती भरायची ह्यावर आमची भांडणं चालूच आहेत, पण घाट आता खालच्या गिअरमध्ये उतरतो. हंगाम संपला की मागचे ड्रम परत उघडणार आहे, ह्या वेळी तरी लायनर झिजलेले दिसले पाहिजेत.