स्पीडोमीटर नोंद ४: काटा जुळला आणि किलोमीटर हरवले

मंडळी, मागच्या नोंदीत "८० ला काटा आणि जीपीएस एकदम जुळले, काम झालं" असं लिहून मोकळा झालो होतो, ते मागे घेतोय. काम झालं नव्हतं, उलट बिघडलं होतं. तीन रविवार त्यातच गेले आणि काल रात्री आलेख कागदावर चार ठिपके जोडले तेव्हा कुठे घोळ लक्षात आला. सगळं सविस्तर लिहितोय, कारण टायर मोठे केलेल्या बऱ्याच जणांनी हेच केलं असणार असं मला वाटतंय.

उजळणी एका दमात: गाडीचे २१५/७५ आर१५ मापाचे टायर काढून २३५/७५ आर१५ टाकलेत, त्यामुळे मीटरचा हिशोब चुकतो आणि तो मी दुरुस्त करतोय; कागदावर व्यास ७०३.५ मिमीचा ७३३.५ झाला म्हणजे ४.२६ टक्के वाढ, गिअरबॉक्सवर एका फेरीला चार पल्स (विजेचे ठोके) देणारा सेन्सर, त्याची वायर कापून मधे आर्डुइनो नॅनो (कोड भरता येणारा छोटा बोर्ड), आणि नॅनोतून पुढे मीटरला. मीटर तोच, कंपनीचा, काटेवाला.

आता मागच्या वेळी केलं काय, तर मी जीपीएसवर ८० धरून ठेवले, शेजारी मित्र लॅपटॉप घेऊन बसला, आणि काटा बरोबर ८० वर येईपर्यंत तो कोडमधला आकडा, म्हणजे आलेल्या पल्सना ज्याने गुणून पुढे पाठवायचं तो, बदलत गेला. आकडा थांबला ०.९८५ वर. तिथेच खटकायला हवं होतं! मोठा टायर एका किलोमीटरला कमी फेऱ्या मारतो, म्हणजे पल्स वाढवायला हव्यात, आकडा एकच्या वर यायला हवा, आणि आमचा एकच्या खाली. पण काटा जुळलेला दिसत होता ना, त्या आनंदात तसंच घरी आलो.

दुसऱ्या रविवारी जीपीएस ट्रॅक लावून मोकळ्या रस्त्यावर ५० किमी गेलो. ओडोमीटरने, म्हणजे मीटरमधल्या एकूण किलोमीटर मोजणाऱ्या आकड्याने, दाखवले ४७.२. पन्नासात जवळजवळ तीन किमी गायब! येताना दोन फोन लावले, एकावर जीपीएसचा वेग आणि दुसऱ्यावर डायलचा व्हिडिओ, आणि घरी येऊन फ्रेम थांबवून थांबवून वाचलं. खऱ्या ४० ला काटा साडेएक्केचाळीस, ८० ला ८०, १०० ला ९९. म्हणजे खाली जास्त, मधे बरोबर, वर कमी. वरती कमी दाखवणं तर सरळ धोक्याचं आहे, आपण ९९ समजतोय आणि गाडी १०० वर.

पहिला संशय अर्थातच वायरिंगवर. पल्स गळत असतील, इग्निशनचा नॉइज (वायरमध्ये घुसणारे खोटे ठोके) असेल. पुलअप रेझिस्टर बदलला, सेन्सर आणि नॅनोच्या मधे पल्स स्वच्छ करणारी ७४एचसी१४ चिप टाकली, शिल्डेड वायर घेतली आणि शिल्ड एकाच टोकाला अर्थ केली. यातून एक चांगलं झालं, थंड इंजिनला सेल्फ मारताना काटा टुणकन उडायचा तो पूर्ण थांबला. क्रिंपचे (पकडीने दाबून बसवायचे) कनेक्टरही सगळे उपटून सोल्डर केले, माझं तर मत झालंय की गिअरबॉक्सजवळ जिथे सतत थरथर आहे तिथे हलके क्रिंप लावूच नयेत, बाहेरून घट्ट दिसतात आणि ओढलं की वायर हातात येते. पण आकडे? जसेच्या तसे.

मग टायरच्या हिशोबावर संशय. कॅल्क्युलेटर जो व्यास देतात तो कागदावरचा, गाडीचं वजन पडलं की टायर खाली दबतो आणि रेडियल टायर एका फेरीत व्यास गुणिले पाय (३.१४) या हिशोबापेक्षा साधारण तीन टक्के कमी अंतर कापतो. म्हणून खडू घेतला. हवा थंड टायरला बरोबर भरली, टायरच्या कडेला आणि खाली फरशीवर रेघ मारली, गाडी न्यूट्रलला ढकलत सरळ रेषेत दहा फेऱ्या, परत रेघ, टेप लावली. नवा टायर: २२.४१ मीटर. मग नशिबाने जुनी स्टेपनी कधीच वापरली नव्हती, तिच्यावरचे रबराचे केससुद्धा तसेच होते, ती मागे चढवून पुन्हा दहा फेऱ्या: २१.४७. गुणोत्तर १.०४३८. कागदावरच्या १.०४२६ च्या अगदी जवळ, कारण दबण्याचा परिणाम दोन्हीकडे सारखाच होतो आणि गुणोत्तरात कटतो. गुडघे धुळीने माखले पण हा आकडा बघून फार बरं वाटलं.

तिसरा पुरावा नॅनोनेच दिला. त्याला फक्त पल्स मोजायला लावलं, त्याच ५० किमीला १,२२,०३५ पल्स, म्हणजे किलोमीटरला २४४१. जपानी पद्धतीत स्पीडोमीटरच्या केबलच्या किलोमीटरला ६३७ फेऱ्या आणि फेरीला ४ पल्स, म्हणजे स्पीडोमीटरला दर किलोमीटरला हव्यात २५४८. २५४८ ला २४४१ ने भागा, १.०४४ येतं. खडू आणि पल्स दोघंही एकच सांगतायत, टायर ४.४ टक्के मोठा. मग काटा ०.९८५ का मागतोय?

उत्तर माझ्याच पहिल्या नोंदीत पडलं होतं. टायर बदलायच्या आधी, सगळं कंपनीचं असताना मी जीपीएसशी ताडून चार आकडे लिहून ठेवले होते: खऱ्या ४० ला काटा ४४, ६० ला ६४, ८० ला ८५, १०० ला १०५. तेव्हा "मीटर थोडा जास्त दाखवतो" एवढं लिहून पुढे गेलो होतो. काल तेच चार ठिपके आलेख कागदावर मांडले आणि पट्टी लावली, तर रेघ सरळ आली पण शून्यातून जात नाही, उभ्या अक्षाला ३ च्या आसपास कापते! म्हणजे काटा दाखवतो तो खरा वेग अधिक दोन टक्के अधिक सरळ ३ किमी. ते ३ किमी मीटरच्या आतच घातलेत, पल्सशी त्यांचा संबंध नाही. पल्स कितीही कमी जास्त करा, रेघेचा फक्त चढ बदलणार, ते तीन तिथेच राहणार. म्हणून एका वेगाला जुळवलं की बाकी सगळीकडे बिघडणारच.

आणि हे कंपनीने मुद्दाम केलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला रेग्युलेशन ३९ सांगतो की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचा नाही, आणि जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी इथपर्यंतच. म्हणजे खऱ्या ८० ला ९२ पर्यंत चालतं. ओडोमीटरला मात्र तो फुगवटा नसतो, तो सरळ पल्स मोजतो. त्यामुळे मोठे टायर टाकून काहीच केलं नाही तर काटा उलट जीपीएसच्या जवळ येतो (माझा १०० ला १०१ दाखवत होता) आणि लोक म्हणतात मीटर आपोआप सुधारला, इकडे ओडोमीटर मात्र शंभरात चार किमी खातोय. त्यामुळे अ‍ॅव्हरेज कमी दिसतं आणि सर्व्हिस उशिरा होते.

तर कॅलिब्रेशन ओडोमीटरवर करायचं. आकडा १.०४४ टाकला, तोच ५० किमीचा रस्ता, ओडोमीटर: ५०.०. काटा परत ४४, ६४, ८५, १०५. गाडी कंपनीतून आली तेव्हा होती तशी. एवढं समाधान मला काटा जुळला तेव्हाही झालं नव्हतं.

कोडमध्ये एक गंमत झाली तीही सांगतो. १.०४४ म्हणजे साधारण दर २३ पल्सला एक जास्तीची. पहिल्यांदा मी ती सरळ मधे घुसवली, तर ८० ला काटा सेकंदाला दोन-अडीच वेळा बारीक टिचकी मारायचा, डोळ्याला दिसेल एवढी. मग दोन पल्समधला वेळ मोजून तो १.०४४ ने भागला आणि त्या अंतराने पल्स सोडल्या, काटा लोण्यासारखा फिरायला लागला, पण गाडी थांबली तरी शेवटचा वेळ धरून नॅनो पल्स सोडतच राहायचा. आता जमाखर्च ठेवलाय: आत आलेली प्रत्येक पल्स १०४४ जमा करते, बाहेर जाणारी १००० खर्च करते, जमा संपली की बाहेर काही जात नाही. सिग्नलला थांबलं की काटा नीट शून्यावर बसतो आणि किलोमीटरचा हिशोबही चुकत नाही.

याच कामाच्या तयार डब्या मिळतात डिप स्विचवाल्या (बारीक खटक्यांनी आकडा ठरवायच्या), त्या वाईट नाहीत, पण त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि आत काय चाललंय ते दिसत नाही, मला दिसायला हवं असतं. केबलवाल्या मीटरला दातच बदलावे लागतात, केबल फिरवणारा २४ दातांचा ड्रिव्हन गिअर काढून २३ चा टाकला तर ४.३५ टक्के मिळतात, म्हणजे या टायरला जवळजवळ फुकटात बसतं, पण तसा गिअर मिळाला पाहिजे. आणि ज्यांचा वेग एबीएस (ब्रेकच्या) मॉड्यूलमधून कॅनवर, म्हणजे गाडीतल्या डेटाच्या वायरवर, येतो त्यांना हे वायर कापणं लागू नाही, तिथे डायग्नॉस्टिक टूलने टायरचा घेर बदलावा लागतो.

पुढचा बेत डबी कायमची बंद करून डॅशमागे बसवायचा होता, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की टायर झिजणार. ट्रेड (टायरच्या नक्षीची खोली) ८ मिमीचा १.६ वर आला की व्यास १२.८ मिमीने कमी, म्हणजे पावणेदोन टक्के, आणि मी इकडे दशांशाच्या तिसऱ्या घरासाठी भांडतोय. तर डबी बंद करत नाही. एक तीन खाचांचा रोटरी स्विच लावतो, नवा टायर १०४४, अर्धा झिजलेला १०३५, संपत आलेला १०२६. नॅनोच्या दोन पिना मोकळ्या आहेत, पुरतात.

आज चारही टायरचा ट्रेड मोजला, पुढचे ७.८, मागचे ८.०. मागचे पाचावर आले की स्विच दुसऱ्या खाचेत टाकीन आणि त्याच ५० किमीवर पुन्हा जाऊन येईन.