तुम्ही विचारलंत म्हणून: रस्त्याला आणि कच्च्या वाटेला मिळून एक सायकल

‘ठाण्यात रोज घोडबंदर रोडने ऑफिसला जायचंय, आणि रविवारी येऊर नाहीतर भिवंडीकडच्या गावांतले कच्चे रस्ते. दोन सायकली परवडत नाहीत, ठेवायला जागाही नाही. मग कुठली घेऊ?’ सोसायटीतली मुलं, उपवनला भेटणारे काका, ऑफिसातले सहकारी, सगळे मला हेच विचारतात. माझं उत्तर असं: पुढे शॉकअप नसलेली, डिस्क ब्रेकची हायब्रिड (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी, सरळ हँडलची सायकल) घ्या, आणि तिच्या फ्रेममध्ये ४० मिलिमीटर रुंदीचा टायर मावतो का ते बघून घ्या. कंपनीचं नाव त्यानंतर बघू.

टायरवर माझा एवढा जोर का, ते सांगतो. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ४०-६२२ असं काहीतरी उमटवलेलं असतं. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा टायर रिमवर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हायब्रिडचं ७००सी चाक आणि एमटीबीचं, म्हणजे डोंगरवाटांच्या माउंटन बाईकचं, २९ इंची चाक, दोन्हींवर हा दुसरा आकडा ६२२च असतो. म्हणजे चाक तेच, सगळा खेळ रुंदीचा. रोडबाईकचा, म्हणजे डांबरावर वेगाने पळणाऱ्या सायकलचा, २५चा टायर ८०-९० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) टणक भरावा लागतो. मग पेव्हर ब्लॉकची प्रत्येक फट मनगटात येते, आणि सुट्या मुरुमावर तो टायर पकडही धरत नाही. याउलट एमटीबीचे सव्वादोन इंची, मोठ्या गोट्यांचे (रबराच्या उठावांचे) टायर डांबरावर घूं-घूं करत ताकद खातात. चाळिसाच्या टायरमध्ये साधारण सत्तर किलोच्या माणसाला ४०-४५ पीएसआय पुरतं. खड्ड्याचा दणका ती हवाच गिळते. मधे गुळगुळीत आणि कडांना बारीक गोट्या असलेला टायर या दोन्ही कामांना सगळ्यात चांगला.

दुकानात टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा) यांच्यामधली फट बघा. दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर तरी मोकळे हवेत. पावसाळ्यातला लाल चिखल तिथेच अडकतो, आणि अडकला की चाक फिरायचं थांबतं. मडगार्ड लावणार असाल, आणि ठाण्यात चार महिने ते लावायलाच हवेत, तर जागा आणखी हवी.

शॉकअपवर मात्र दुकानदार तुम्हाला गळ घालतील. स्वस्त सायकलींवरचे स्प्रिंगचे फोर्क दोन किलोंच्या पुढे भरतात, चढावर उभं राहून पॅडल मारलं की खालीवर हलत तुमची ताकद खातात, आणि खाडीकाठच्या दमट हवेत त्यांच्या नळ्यांना गंज लवकर धरतो. हलक्या कच्च्या वाटेला ते लागतच नाहीत. त्या पैशात चांगले टायर येतात. मोठमोठ्या दगडांतून, उड्या मारतच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग सरळ चांगली एमटीबी घ्या.

आता गिअर. उपवनहून येऊरला चढताना सगळ्यात हलका गिअर कुठला, हेच महत्त्वाचं ठरतं. पुढे २८ दातांची चकती आणि मागे ३४ असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास पुढे जाते. रोडबाईकवर नेहमी दिसणारं ३४ आणि २८ असेल तर अडीच मीटर. एका फेऱ्यात सायकल जितकी कमी पुढे जाते, तितकं पॅडल हलकं. तेवढ्या फरकाने गुडघे वाचतात. ‘किती गिअर आहेत’ असं विचारू नका, ‘पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी चकती किती दातांची’ असं विचारा.

ग्रॅव्हल बाईक, म्हणजे रोडबाईकसारखं खाली वळलेलं हँडल पण रुंद टायर असलेली सायकल? सुंदर असते, लांब पल्ल्याला मीही तीच सुचवेन. पण कापूरबावडीच्या गर्दीत सरळ हँडलवर बोटं कायम ब्रेकवर राहतात, आणि माझ्या मते रोजच्या प्रवासात ही गोष्ट सगळ्यात मोलाची आहे. ब्रेक केबलचे डिस्क असले तरी चालतील, ते घरीही दुरुस्त होतात. रिम ब्रेक मात्र नकोत. चिखलातली बारीक वाळू त्यांच्या रबरात अडकते आणि रिम घासून टाकते.

व्हॉल्व्हकडे कोणी बघत नाही. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक, टोकाला स्क्रू असलेला असेल तर छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवा. पंक्चरवाल्याकडे तो असेलच असं नाही.

आणि कृपा करून एक ऐका. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे बिबटे आहेत. गावापर्यंतच्या रस्त्यावर चालवा, पण परवानगीशिवाय आतल्या पायवाटांवर सायकल घालू नका, आणि संध्याकाळी वेळेत खाली या. कच्च्या रस्त्याची हौस कशेळी पुलापलीकडच्या गावांत, खडीच्या आणि शेताकडच्या वाटांवर भरपूर भागते.

चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. सायकलचा मधला दांडा दोन पायांमधे घेऊन जमिनीवर उभं राहिलात की तुमच्या आणि दांड्याच्या मधे दीड-दोन इंच जागा उरायला हवी. दुकानात टायर बहुधा दगडासारखे टणक भरलेले असतात, त्यामुळे प्रत्येक सायकल सारखीच आदळते. आधी हवा कमी करायला सांगा, मग दुकानासमोरच्या पेव्हर ब्लॉकवरून एक फेरी मारा, आणि दुसरी सायकलही त्याच हवेवर, त्याच तुकड्यावरून चालवून बघा.