गोदावरी पळते की वाहते?

शाळेच्या सुवर्णमहोत्सव समितीचा फोन आला, 'आठवणी लिहून द्या.' लिहायला बसलो आणि कागदावर आमच्या इंग्रजीच्या बाईच उतरल्या. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. आठवीत बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'द गोदावरी रन्स थ्रू नाशिक', आणि मला उठवलं. मी म्हणालो, 'गोदावरी नाशिकमधून पळते.' वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी सगळ्या वर्गाला गोदाघाटावर नेलं. श्रावणाचे दिवस, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं. 'तू म्हणालास ते अगदीच चूक नाही रे,' बाई म्हणाल्या, 'पळतेच आहे ती. पण आपण काय म्हणतो?'

तिथेच वरच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी 'रन' उलगडला. इंग्रजीत नळ रन होतो, नाक रन होतं, कच्चा रंग रन होतो, पेठचा रस्ताही रन होतो. आपल्याकडे नळ वाहतो, नाक गळतं, रंग जातो, रस्ता नुसताच जातो. आणि दुकान? दुकान चालतं. घड्याळ चालतं, संसार चालतो, खरं नाणं चालतं. इंग्रज जिथे पळतो तिथे आपण चालतो! 'शब्द एकटा भेटला तर ओळख धरू नका, बरोबर कोण आहे ते बघा,' हे बाईंचं वाक्य. पुढे वाचलं, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत. बाईंनी त्या दिवशी सतरा सांगितले होते.

आज अंबडच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तिथे 'रनआउट' म्हटलं की लेथवरचा जॉब, म्हणजे घडवायला लावलेला तुकडा, फिरताना किंचित हलतोय. डायलचा काटा दोन-तीन रेघा मागेपुढे होतो. स्टोअरवाला 'रन आउट' म्हणाला की माल संपला. आणि दुपारच्या सुट्टीत पोरं तेच ओरडली की गडी बाद. नव्या पोराला मी हे तिन्ही पहिल्याच दिवशी सांगतो.

माझी नात अडलेला शब्द मोबाईलला विचारते. तो पहिला अर्थ देतो, ती पुढे जाते. तिला घाटावर कोण नेणार?

त्या सतरा अर्थांचं वहीतलं पान समितीकडे दिलं आहे. कोपऱ्यातली लाल शाईतली सही बाईंची.