जूनमधला ताजा बांगडा

वेंगुर्ल्यात जून म्हणजे किनाऱ्यावर वर ओढून झापांनी झाकलेल्या होड्या आणि बाजारात सुक्या बांगड्याचा वास. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. माझी खानावळही या दोन महिन्यांत अर्धी मिटलेलीच असते. पर्यटक नाहीत, ताजी मासळी नाही, मग ताट लावायचं कशाचं? कुणी गळाला लागलेला एखादा मासा आणून दिला तर तो घरातच संपतो.

म्हणून यंदा बहिणीच्या मुलाला 'येते' म्हणून कळवून टाकलं. तो मलेशियातल्या पेनांग बेटावर, बायान लेपास भागातल्या इलेक्ट्रॉनिक चिपांच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि दोन वर्षं "मावशी, तू नुसतं म्हणतेस" असं ऐकवत होता. सोबत धाकटी जाऊ. मलेशियाला 1 डिसेंबर 2023 पासून आपल्याला थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, निघायच्या आधी तीन दिवसांच्या आत एक फॉर्म मोबाइलवर भरायचा, तो भाच्यानंच भरला. घरातल्या दोघा भावांना, म्हणजे आमच्या नवऱ्यांना, सुकट, पेज आणि सासूबाईंच्या हवाली केलं आणि आम्ही दोघी रेल्वेनं मुंबईला, तिथून विमानानं क्वालालंपूर, मग पेनांग. प्रवासाचं वर्णन करत नाही, विमानात मी झोपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भाचा आम्हाला जॉर्ज टाउनच्या बाजारात घेऊन गेला. बाजाराचं नाव चौरस्ता. मला वाटलं तो पत्ता सांगतोय. पण खरंच तेच नाव आहे, मलय लिपीत-बोलीत तसंच राहिलेलं. हिंदुस्तानातून गेलेल्या लोकांनी कधीतरी दिलेलं. वरच्या मजल्यावर जुन्या पुस्तकांची दुकानं, खाली भाजी आणि मासळी. मी पुस्तकांकडे गेलेच नाही.

ओल्या लादीवर पहिल्याच गाळ्यात बांगडे. ताजे, पाठीवर निळसर हिरवी झाक असलेले, डोळे काचेसारखे. जूनमध्ये! मी तिथेच उभी राहिले. माझ्या हिशेबात जून आणि ताजा बांगडा हे शब्द एका वाक्यात येतच नाहीत. भाच्यानं मोबाइलवर नकाशा काढून दाखवला: आपला पावसाळी वारा जो अंगावर येतो, तो इथे येईपर्यंत मध्ये सुमात्रा बेट आडवं पडलेलं असतं. त्या आडोशाला हा समुद्र आमच्या मानानं शांत असतो. आमच्या आणि त्यांच्या बांगड्यात फरक तो एवढाच. त्यांच्याकडे त्याला कंबुंग म्हणतात.

सवयीनं मी एकाचे कल्ले उघडून बघितले. गाळ्यावरचे म्हातारे चिनी आजोबा गमबूट घालून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, पण हातातला बांगडा बाजूला ठेवून टोपलीतला दुसरा काढला आणि त्याचे कल्ले स्वतःच उघडून माझ्यासमोर धरले. लालभडक. भाषा लागलीच नाही. पुढे सुरमई म्हणजे तंगिरी, पापलेट म्हणजे बावाल, माकूल म्हणजे सोतोंग, असं एकेक नाव पाठ करत गेले. कुर्ल्यांना मात्र त्यांनी रंगीत दोऱ्यांनी इतकं पक्कं बांधलेलं की बघून दया आली.

बोलायचा प्रयत्न करताना फजिती झालीच. नारळाला केलापा आणि डोक्याला केपाला. मला खवलेला नारळ हवा होता. मी ठसक्यात "केपाला, केपाला" म्हणत राहिले आणि बाई मला मोठ्या माशाचं मुंडकं दाखवत राहिली. नंतर लक्षात आलं, केपाला म्हणजे आपलं कपाळ. एकाच मुळातून निघालेला शब्द. जाळ्यालाही ते जालाच म्हणतात. मग एका पाकिटावर 'गारम' वाचून जावेनं गरम मसाला म्हणून उचललं, ते निघालं मीठ. साखर म्हणजे गुला. तो आमच्या गुळाचाच भाऊ. अशा भाषेत माणूस हरवत नाही, फक्त चुकीचं सामान घेऊन घरी येतो.

मी पेनांगला ज्याच्यासाठी पुन्हा जाईन ते म्हणजे आसाम लक्सा. आसाम राज्याशी संबंध नाही, मलयमध्ये आसाम म्हणजे आंबट. तांदळाच्या जाड शेवया, त्यावर तांबूस आंबट रस. तो रस बांगड्याचा. पहिला घोट घेतल्यावर मी चमचा खाली ठेवला, कारण मला तो आंबटपणा ओळखीचा वाटला. चिंच होतीच, पण चिंचेच्या मागे काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौरस्त्यात गेले आणि वाण्याकडे विचारत विचारत शोधून काढलं. वाळवलेल्या पातळ चकत्या, तपकिरी, कडक. आसाम गलुगोर नावाच्या फळाच्या. ते झाड आपल्या रातांब्याच्याच, म्हणजे कोकमाच्याच कुळातलं, दोन्ही गार्सिनिया. आपण साल काढून रसात बुडवून उन्हात वाळवतो, ते फळ चिरून चकत्या वाळवतात. म्हणजे बांगडा आणि सोलं, हे जे आम्हाला वाटतं की जगात फक्त मालवणी माणसाला सुचलं, ते समुद्रापलीकडेही कुणाला तरी सुचलेलं आहे.

पण पुढचं ऐका. आमच्याकडे बांगडा शिजला की तो अख्खा राहिला पाहिजे. तिखल्यातला बांगडा फुटला तर माझी सासू अजूनही तोंड वाकडं करते. इथे ते बांगडा उकडतात, काटे काढतात आणि मांस कुस्करून रसातच सोडून देतात. त्यात गवती चहा, गलंगल नावाचं आल्यासारखं मूळ, मिरच्या, छोटे कांदे. आल्या-हळदीच्याच कुळातल्या एका झाडाची गुलाबी कळी चिरून टाकतात, बुंगा कांतान, तिचा वास मला आजही नीट सांगता येणार नाही. वरून काकडी, कच्चा कांदा, पुदिना. आणि अननस! माशाच्या कालवणात अननस बघून जावेनं माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू ती कल्पना माझीच होती. शेवटी चमचाभर काळी, गोडसर, दाट कोळंबीची चटणी वाटीच्या कडेला लावून देतात. ती ढवळायची. मी चार दिवसांत पाच वेळा लक्सा खाल्ला आणि पाचही वेळा मनात एकच आलं: यात तिरफळं हवी होती.

जावेचा सोमवार हा वेगळा अध्याय. ती सोमवारी मासळीला शिवत नाही, परदेशात तर नाहीच नाही. भाचा म्हणाला, मावशी, काळजी नको, पालेभाजी मागवतो. आली कांकुंग, आपल्या नाळीच्या भाजीसारखी, हिरवीगार, लसणावर परतलेली. जावेनं पहिला घास घेतला आणि थांबली. "वहिनी, ह्याच्यात सुकट आसा!" तिचं नाक चुकलं नव्हतं. त्या भाजीत बलाचान होतं. जवळ्यासारखीच बारीक कोळंबी मिठात कुटून, उन्हात वाळवून, मुरवून त्याच्या वड्या करतात, आणि भाजीपासून चटणीपर्यंत सगळ्यात तो एक तुकडा जातो. आम्ही जवळा वाळवून डब्यात ठेवतो, ते त्याला आणखी एक पायरी पुढे नेतात, इतकंच. पण सोमवारी ही तुलना करून उपयोग नव्हता. संध्याकाळपर्यंत ती भाच्याशी बोलली नाही. शेवटी लिटल इंडियात तामिळ शाकाहारी जेवण मिळालं, केळीच्या पानावर, सांबार-भात. तेव्हा बाई निवळली.

बसून खायची तिथली तऱ्हा मला खानावळवाली म्हणून फार आवडली. कोपितियाम म्हणजे चहा-कॉफीचं जुनं दुकान. मालक फक्त पेय विकतो. बाकी जागा तो वेगवेगळ्या गाडीवाल्यांना भाड्यानं देतो, एक शेवया करणार, एक भात, एक गोड. आपण आधी टेबल पकडायचं, त्याचा नंबर लक्षात ठेवायचा, मग गाडीवर जाऊन सांगायचं अमुक नंबरला अमुक. तो आणून देतो आणि तिथेच पैसे घेतो. पेय मात्र मालकाचंच घ्यायचं, ती अलिखित अट. स्वयंपाक चौघांचा, भांडण एकाचंही नाही. मी मनातल्या मनात आमच्या बंदरावरच्या रस्त्याला तीन बायका एका छपराखाली बसवून बघितल्या. पंधरा दिवस टिकलं असतं. कॉफी 'कोपी' म्हटली की घट्ट गोड डब्यातल्या दुधाची येते, 'कोपी ओ' म्हटलं की काळी पण गोड, आणि साखर नको असेल तर पुढे 'कोसोंग' जोडायचं, म्हणजे रिकामी. माझ्यासारख्या साखरेच्या पेशंटला हा एकच शब्द पाठ असला तरी पुरे.

एका संध्याकाळी समुद्रकाठच्या हॉटेलात कुर्ल्यांचा मोह झाला. फळ्यावरचा आकडा बघून स्वस्त वाटल्या. तो भाव शंभर ग्रॅमचा होता. बिल दोनशे रिंगिटच्या वर, एक रिंगिट साधारण वीस रुपये धरा. भाचा म्हणाला, "मावशी, विसर." मी आजतागायत विसरलेले नाही.

नासी कांदारला मात्र पैसे वसूल झाले. कांदार म्हणजे खांद्यावरची काठी, आपली कावड. तामिळ मुसलमान विक्रेते पूर्वी एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवण अडकवून गोदीवरच्या मजुरांना विकत फिरायचे, त्यावरून नाव. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया 1907 पासून चालू आहे. भाताच्या ढिगावर जे हवं ते दाखवायचं: माकूल, कोंबडी, भेंडी (तिला तिथेही बेंडीच म्हणतात), आणि गाबोळी! रश्शातली गाबोळी बघून मी बाकी सगळं रद्द केलं. भाच्यानं शिकवलं की वाढताना 'बांजिर' म्हणायचं. म्हणजे पूर. मग तो चार-पाच पातेल्यांतल्या कालवणांचा भातावर पूर आणतो. आमच्याकडे दोन कालवणं ताटात एकत्र झाली तर गिऱ्हाईक वाटी परत पाठवतं.

चेंदोल खाताना मात्र मी गप्प झाले. नारळाचं दूध, ताडाचा काळा गूळ, त्यात पानाच्या रसानं हिरव्या केलेल्या तांदळाच्या आखूड शेवया, वर किसलेला बर्फ आणि लाल राजम्यासारखे दाणे. दाणे आणि बर्फ काढा, शेवया लांब करा, झाले की आमचे शिरवाळे नि रस. माझी आई साच्यावर बसून दाबायची आणि आम्ही खालून शिरवाळे धरायचो. राजमा मी बाजूला काढून ठेवला, त्याला माफी नाही.

ड्युरियनचं थोडक्यात. मोसम होता म्हणून बेटाच्या मागच्या बाजूला, बालिक पुलाऊला गेलो. झाडांखाली जाळी बांधलेली, कारण पिकलेलं फळ आपोआप पडतं आणि ते डोक्यात पडलं तर फणसाला हसणारे आम्ही हसायला उरणार नाही. एका जातीचं नाव लाल कोळंबी. भाच्याच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ड्युरियनवर फुली मारलेलं चित्र आहे. चव साजूक तुपातल्या खरवसासारखी, वास बंद खोलीत सडलेल्या कांद्याचा. मी दोन गर खाल्ले. जावेनं सात.

त्याच बालिक पुलाऊला रस्त्याकडेला एक बाई जायफळ विकत होती. जायफळाचं बी नव्हे, वरचं पिवळं जाड फळ, चिरून, मिठात मग साखरेत मुरवलेलं. शेजारी त्याचंच सरबत. डचांनी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जायफळ डांबून ठेवलं होतं, इंग्रजांनी तिकडून रोपं आणून पेनांगात लावली. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार मी लहानपणापासून बघते, पण जायफळाचा आणि तिचा धागा जोडायला मला इतक्या लांब यावं लागलं. आमच्या परसात माडांखाली दोन जायफळं आहेत. बी आणि जायपत्री आम्ही ठेवतो, वरचं फळ शेणकीत. किती वर्षं टाकलं असेल, हिशेब करायला गेले आणि सोडून दिला.

घरी आल्यावर जुलैत पहिली टोपली टाकली नाही. साल काढून फोडी मिठात दोन दिवस, मग साखरेत. पहिली बरणी तुरट झाली, सासूबाईंनी जिभेला लावून परत दिली. दुसरी जमली. यंदा पर्यटकांना सोलकढीबरोबर जायफळाचं सरबत विचारून बघणार आहे.

लक्सा ऑगस्टमध्ये केला, समुद्र मोकळा झाल्यावर. बुंगा कांतान मिळणं शक्य नव्हतं. शेवयांऐवजी शिरवाळे, गलुगोरऐवजी सोलं, अननस घातला, आणि तिरफळं घातलीच. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, वाटीत चमचा फिरवला.

"ह्या काय? बांगड्याचो भुगो कित्याक केलंस?"

मी सगळं सांगितलं, म्हाताऱ्या आजोबांचे गमबूट, सुमात्रा, सगळं. ते ऐकत ऐकत वाटी संपवून म्हणाले, "बरा आसा. फाल्या अख्खो बांगडो कर."

दुसऱ्या दिवशी तिखलं केलं. लक्साचा उरलेला रस जावेनं सकाळी घावण्यांबरोबर संपवला. मंगळवार होता.