पेशीतल्या गुठळ्या आणि सोलापूरचा मे महिना

इलास्टिन या लवचीक प्रथिनासारख्या कृत्रिम प्रथिन-साखळ्या, म्हणजे ईएलपी, वापरून पेशीतली एखादी यंत्रणा बंद-चालू करायची तर सोलापुरात तापवण्याची अडचण येत नाही, गार ठेवण्याची येते. पेपरात बिनधास्त लिहिलेलं असतं की खोलीच्या तापमानाला प्रथिन विरघळलेलं राहतं. ती खोली २२-२५ अंशांची, एसीतली. इथे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि एसी नसेल तर दुपारी टेबलावरची डिश ३५ ला सहज पोचते. तुम्ही हात लावायच्या आधीच स्विच पडलेला असतो.

व्हॅलिन-प्रोलिन-ग्लायसिन-क्ष-ग्लायसिन हा पाच अमिनो आम्लांचा तुकडा ओळीने जोडत जायचं. क्षच्या जागी प्रोलिन सोडून काहीही चालतं. ठरावीक तापमानाच्या वर या साखळ्या पाणी सोडतात आणि गोळा होतात; या बदलाला संक्रमण म्हणतात. फाटलेलं दूध परत एक होत नाही. ही गुठळी मात्र गार केली की विरघळते. तिला कामाचं प्रथिन जोडलं की तेही ओढलं जातं. २०१४ साली मॅके यांच्या गटाने क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या हलक्या साखळीला ईएलपी जोडून पेशीचं एंडोसायटोसिस, म्हणजे बाहेरचं आत ओढून घेणं, तापवून थांबवलं, गार करून परत सुरू केलं.

क्षच्या जागी व्हॅलिन घातलं तर गुठळी लवकर होते, सेरिन घातलं तर उशिरा. साखळी लांब, प्रथिन दाट किंवा मीठ जास्त, की संक्रमणाचं तापमान खाली येतं. म्हणून २५ मायक्रोमोलर शुद्ध प्रथिन मिनिटाला १ अंशाने तापवत ३५० नॅनोमीटरवर गढूळपणा मोजला, तरी तो आकडा क्युव्हेटमधलाच, म्हणजे मोजणीच्या छोट्या नळीतला. पेशीत प्रथिन किती आहे त्यावर सगळं ठरतं. तात्पुरत्या ट्रान्सफेक्शनमध्ये (पेशीत बाहेरून जनुक घालण्यात) एकाच डिशमधल्या दोन शेजारी पेशींत मोठा फरक असतो: जास्त चमकणारी (चमकणारं प्रथिन जोडलेली ईएलपी जास्त असलेली) ३० ला ठिपकेदार, मंद चमकणारी ३७ लाही साफ. स्थिर पेशीवंश (जनुक कायमचं बसलेल्या पेशी) बनवा आणि मधल्या चमकेच्या पेशी निवडून घ्या.

आमच्या मते इथे पेशीतलं संक्रमण ३२-३३ ला बसेल अशीच साखळी घ्यावी. २७-२८ ची घेतली तर डिश मायक्रोस्कोपपर्यंत नेतानाच गुठळ्या होतात. ३६ ची घेतली तर ३९-४० पर्यंत तापवावं लागतं आणि पेशी उष्णतेच्या ताणाला प्रतिसाद देऊ लागते. मग दिसतंय ते ईएलपीमुळे की तापामुळे, सांगता येत नाही.

साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो. खोली ३५ ची असेल तर २५ वर लावून काही होत नाही. थंड बाजूसाठी गारही करणारा बीओडी इन्क्युबेटरच लागतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइड नसतो, म्हणून मीडियममध्ये (पेशी वाढतात त्या द्रवात) आम्लता स्थिर ठेवणारं हेपेस २० मिलीमोलर घाला. डिश न्यायला थर्माकोलचा डबा आणि जेल पॅक, पण पॅक आणि डिश यांच्यात जाड पुठ्ठा हवाच. डिश थेट बर्फावर ठेवली तर पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल (पेशीच्या सांगाड्याच्या नळ्या) मोडतात आणि गुठळी नसलेल्या, गार अवस्थेचं चित्रच बिघडतं.

स्टेजवरच्या आकड्यावर विसंबू नका. तेल लावलेलं ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपचं भिंग) उष्णता ओढून घेतं. पेशींजवळ दोन-तीन अंश कमी भरतात. बाजूच्या डिशमध्ये तेवढंच मीडियम घेऊन ऑब्जेक्टिव्हच्या वरच थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बुडवा. तापमान बदललं की फोकस सरकतो, पंधरा मिनिटं थांबा. मध्येच लाइट गेली तर ती डिश सोडून द्या.

कंट्रोल दोन: तेवढ्याच लांबीची पण सेरिनची साखळी, तेच प्रथिन जोडलेली, जी ३७ ला गोळा होत नाही, आणि ईएलपीविना नुसतं प्रथिन. हिरवं चमकणारं प्रथिन, म्हणजे जीएफपी, जोडणार असाल तर एकेरी राहणाराच घ्या. जोड्या करणारा जीएफपी संक्रमण खाली ओढतो.

प्लास्मिडचा, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या गोल तुकड्याचा, त्रास वेगळाच. सारखे तुकडे असल्याने पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत) शिडीसारखे पट्टे देतो. साखळी लायगेशनने (एन्झाइमने डीएनएचे तुकडे जोडून) दुप्पट करत वाढवा, सारखे तुकडे अदलाबदल करणारं रेकए प्रथिन नसलेला ई. कोलाय जिवाणू वापरा, प्रत्येक वेळी एन्झाइमने कापून लांबी तपासा. व्हॅलिनच्या ९६ तुकड्यांची साखळी ३९ किलोडाल्टनची, पण प्रथिनं आकाराने वेगळी करणाऱ्या जेलवर त्याहून वर दिसते आणि कुमासी या नेहमीच्या रंगाने फिकट रंगते. पट्टा दिसला नाही म्हणून प्रथिन बनलंच नाही असं धरू नका, कॉपर क्लोराइडने रंगवून पाहा.